वॉकर, फुलर आणि टकर : तीन आडनावे, एकच धंदा?

चौकस_गिरगावकर

एका दिवाळी अंकासाठी मुंबई इलाख्यातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या आडनावांवर छोटा लेख लिहीत आहे आणि त्यात एका ठिकाणी अडलो आहे. मुंबई उच्च न्यायालयाची १८७८ मध्ये पुरी झालेली इमारत कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्यानुसार उभी राहिली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. बडोद्याचे रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर यांनी १८०७ मध्ये काठेवाडातील संस्थानिकांकडून गायकवाडांना मिळणारी खंडणी ठरवून दिली आणि दरसालच्या मुलूखगिरीला आळा घातला. त्या व्यवस्थेला आजही वॉकर यांचेच नाव आहे. तिसरे गृहस्थ फ्रेडरिक टकर. त्यांनी १८८२ मध्ये मुंबईत मुक्तिफौजेचे, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचे, काम सुरू केले, साहेबी पोशाख टाकून देशी वस्त्रे घातली आणि स्वतःला फकीर सिंग असे म्हणवून घेतले.

या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. परंतु लेखाचा खर्डा वाचून एका स्नेह्यांनी सांगितले की, या तिन्ही आडनावांचा अर्थ एकच असून ती एकाच धंद्यावरून पडलेली आहेत. मी आजवर वॉकर म्हणजे चालणारा असे समजत होतो, टकरचा अर्थ कपड्याला टक घालणारा असा लावत होतो आणि फुलरचा तर काहीच लागत नव्हता. घरातल्या मुलतानी मातीच्या पुडीवर ‘फुलर्स अर्थ’ असे छापलेले आहे, एवढाच काय तो माझ्याजवळचा धागा.

हा धंदा नेमका कोणता, त्याला तीन नावे का पडली आणि मराठीत त्याला काय म्हणावे, हे जाणकारांनी सांगावे. शेवटचा प्रश्न मला सर्वांत निकडीचा आहे, कारण अंक छपाईला जायला फार दिवस राहिलेले नाहीत.

धोटा

आपल्या स्नेह्यांचे म्हणणे बरोबर आहे. आमच्या घरात तीन पिढ्या माग चालला असल्यामुळे धंद्यापुरते मी सांगू शकतो. शब्दांचे शब्दवाल्यांनी पाहावे.

आपल्याकडे कापड म्हटले की डोळ्यांसमोर सूत येते आणि सुती कापड मागावरून उतरले की जवळजवळ तयारच असते. लोकरीच्या कापडाचे तसे नसते. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड विरविरीत आणि तेलकट असते, उजेडात धरले तर ताण्याबाण्यातून पलीकडचे दिसावे इतके. तेलकट अशासाठी की लोकरीत मुळातच मेंढीच्या अंगची चरबी असते आणि शिवाय कातताना ती सुळसुळीत राहावी म्हणून तेल किंवा लोणी चोळलेले असते. हे कापड जसेच्या तसे अंगावर घेतले तर थंडी अडत नाही आणि पाऊस तर मुळीच अडत नाही.

म्हणून ते पाण्यात भिजवून, त्यात मळ आणि चरबी काढणारे काहीतरी घालून, तासन्‌तास तुडवायचे किंवा कुटायचे. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात आणि त्या सर्वांची तोंडे टोकाच्या दिशेला असतात. ओल, ऊब आणि मार या तिन्ही गोष्टी एकदम मिळाल्या की तंतू एकमेकांत सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि मागे फिरत नाहीत. कापड आटते, पण नुसतेच आटत नाही तर दाट होते. रुंदीचा साधारण तिसरा हिस्सा सहज जातो. पुढे पुढे तर वीण दिसेनाशी होते आणि बोट फिरवले तर नमद्यासारखे, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड थरासारखे, लागते. इंग्लंडातील जुने ब्रॉडक्लॉथ हे आटणार हे धरूनच इतके रुंद विणीत की, एका मागावर दोन विणकर शेजारी शेजारी बसून धोटा, म्हणजे आडवे सूत नेणारे साधन, एकमेकांकडे फेकीत असत. जॉन के यांनी १७३३ मध्ये उडता धोटा आणला, तेव्हा कोठे ते काम एकट्याला करता येऊ लागले. माझे येथील नाव त्यावरूनच घेतलेले आहे, हे जाता जाता सांगतो.

आता मुलतानी माती. ती अंगाला लावली की तेलकटपणा ओढून घेते, हे आपल्या घरातल्या बायकांना कोणी सांगावे लागत नाही. तीच गोष्ट ती लोकरीच्या बाबतीत करते. इंग्लंडात ही माती सरी परगण्यातील नटफिल्ड आणि रेडहिलच्या आसपास, बेडफर्डशायरच्या सीमेवर वोबर्न सँड्सच्या परिसरात आणि बाथ शहराजवळ निघत असे. लोकरीच्या व्यापारात तिचे मोल इतके होते की, सतराव्या शतकात ती परदेशी नेण्यास सरकारची बंदी होती. कापड तुडवणाऱ्या फुलरची माती म्हणून ती ‘फुलर्स अर्थ’, आणि पुढे इंग्रजांनी आपल्या मुलतानी मातीलाही तेच नाव लावले. तेव्हा आपल्या पुडीवर एका विस्मृत धंद्याचे नाव छापलेले आहे.

मातीच्या जोडीला दुसरी वस्तू लागे ती म्हणजे शिळे मूत्र. नाक मुरडू नये. त्यातला अमोनिया चरबीशी मिळून साबणाचे काम करतो. उत्तर इंग्लंडात त्याला ‘लँट’ असा खास शब्द होता आणि ते घरोघरून गोळा केले जाई.

हौशी_वाटसरू

मग यात कोडे कसले? कापडावर पायांनी चालणारा तो वॉकर. स्कॉटलंडच्या किल्मार्नोक गावात जॉन वॉकर नावाच्या किराणा दुकानदाराने १८२० मध्ये दुकान काढले आणि पुढे त्याच्या नावाच्या व्हिस्कीवर टॉम ब्राउन या चित्रकाराने १९०८ मध्ये टोपी घालून तरातरा चालणारा माणूस काढला. म्हणजे त्या चित्रकारालाही आडनावाचा अर्थ ठाऊक होता असेच म्हणायचे. आपले विनोदी नट जॉनी वॉकर हे मूळचे बद्रुद्दीन काझी, मुंबईच्या बेस्टमध्ये कंडक्टर, आणि त्यांना हे नाव त्या बाटलीवरूनच मिळाले. एका धनगरी धंद्याचे नाव दारूमार्गे दादरपर्यंत पोहोचले, याची मौज वाटते.

शब्दवेध

हौशी_वाटसरू यांचे स्पष्टीकरण बहुतेक ठिकाणी असेच छापलेले सापडते आणि ते अर्धेच खरे आहे. (धनगरी धंदा हाही शब्द येथे बसत नाही, धनगर मेंढ्या राखतो, हा माणूस विणलेल्या कापडावर काम करतो.) चुकीचा अर्धा भाग कोणता, ते थोडे विस्ताराने लिहितो, कारण या आडनावाची खरी गंमत तेथेच आहे.

आज इंग्रजीत ‘वॉक’ म्हणजे चालणे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे अकराव्या शतकात फ्रान्सकडून नॉर्मन लोक येण्यापूर्वीच्या भाषेत, ‘वेआल्कन’ या क्रियापदाचा अर्थ चालणे असा नव्हता. लोळणे, उसळणे, घुसळले जाणे असा तो अर्थ होता, आणि समुद्राच्या लाटांच्या उसळण्याला त्याच धातूपासून झालेला शब्द जुन्या काव्यात येतो. त्याच काळात ‘वेआल्केरे’ हा शब्द कापड घट्ट करणाऱ्या कारागिराला होता. म्हणजे आधी ‘चालणे’ आणि मग ‘कापडावर चालणारा’ असा क्रम नाही. क्रियापद पायी चालण्याच्या अर्थाने रूढ होण्यापूर्वीच धंद्याचे नाव सिद्ध झालेले होते.

शेजारच्या भाषांकडे पाहिले की शंका उरत नाही. जर्मन भाषेत ‘वाल्केन’ म्हणजे आजही लोकर मळून घट्ट करणे, आणि त्या धंद्याचा माणूस ‘वाल्कर’. चालण्याचा तेथे लवलेशही नाही. इटलीत गेलेल्या जर्मानिक टोळ्यांकडून हा शब्द इटालियन भाषेने उचलला आणि कापड कुटण्याच्या गिरणीला ‘ग्वाल्किएरा’ असे नाव पडले. इतक्या दूरदूरच्या भाषांत एकच तांत्रिक अर्थ टिकून आहे, त्या अर्थी तो मूळचा आहे. उलट ‘लोळणे, घुसळणे’ यावरून ‘पायी जाणे’ हा अर्थ फक्त इंग्रजीत आला आणि तो कसा आला यावर कोशकारांत एकमत नाही.

मराठीत याला एक जवळचा दाखला आहे. आपण कणीक हाताने मळतो आणि खळ्यावर बैलांच्या पायांखाली कणसे मळतो. त्या दुसऱ्या कामाला मळणी म्हणतो. शब्दाचा गाभा दाबणे, रगडणे हा आहे, हात की पाय हा प्रश्न नंतरचा. आता कल्पना करा की पुढच्या हजार वर्षांत मराठीत ‘मळणे’चा अर्थ बदलत बदलत ‘गोल फिरणे’ असा झाला आणि मळणी करणाऱ्याचे आडनाव मात्र तसेच राहिले. तेव्हाचे लोक म्हणतील, हा गोल फिरणारा. वॉकरचे नेमके असे झाले आहे. क्रियापदाने आपला जुना अर्थ टाकून दिला आणि आडनावाने तो पोटात ठेवला.

टकरचे मूळ याहून रांगडे आहे. जुन्या इंग्रजीत ‘टूकियन’ म्हणजे छळणे, हाल करणे. मध्ययुगात त्यावरून ‘टक’ हे क्रियापद कापडाच्या मारासाठी वापरात आले. चौकस_गिरगावकर यांना वाटलेला कपड्याचा टक याच शब्दकुळातला आहे, परंतु तो दुमडण्याचा अर्थ मागाहूनचा.

फुलर मात्र परका. लॅटिनमध्ये ‘फुल्लो’ म्हणजे हाच कारागीर. त्यावरून जुन्या इंग्रजीत ‘फुल्लेरे’ आला आणि नॉर्मन राजवटीत फ्रेंच शब्दाची त्याला जोड मिळाली. रोमन काळी हे लोक पायांनीच काम करीत. पाँपेईच्या एका धोबीखान्यातील भिंतीवरची चित्रे आज नेपल्सच्या संग्रहालयात आहेत. त्यांत मुले गुडघ्याएवढ्या हौदांत उभी राहून, दोन्ही बाजूंच्या बुटक्या भिंतींवर हात टेकून कापड तुडवताना दिसतात. सेनेका या तत्त्ववेत्त्याने एका पत्रात व्यायामाचे प्रकार सांगताना एका उडीला थट्टेने फुल्लोची उडी म्हटले आहे, यावरून हे दृश्य रोममध्ये किती नित्याचे होते ते कळते.

तीन शब्द का राहिले, याचे उत्तर भूगोलात आहे. इंग्लंडात मध्ययुगात प्रमाण बोली नव्हती. उत्तरेत आणि मध्य भागात, तसेच स्कॉटलंडच्या सखल प्रदेशात ‘वॉकर’ म्हणत, डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉल या नैर्ऋत्येकडील परगण्यांत ‘टकर’, आणि ससेक्स, केंट, सरी, सफोक अशा आग्नेय आणि पूर्व भागात ‘फुलर’. आडनावे जेथे गोठली तेथे त्या त्या बोलीतला शब्द गोठला, आणि १८८१ च्या जनगणनेतील आडनावांचे नकाशे काढले तरी या तीन रंगांचे पट्टे अजून बऱ्यापैकी वेगळे दिसतात.

पेनाइन्सच्या_पायथ्याशी

मी गेली अनेक वर्षे लँकेशायरमध्ये राहतो. आमच्याकडे हेल्मशोअर नावाच्या गावात १७८९ मध्ये बांधलेली अशी एक गिरणी संग्रहालय म्हणून जपलेली आहे, ती पाहिली म्हणून लिहितो.

दगडी इमारतीच्या तळाला पाणचक्की आहे. तिच्या आसाला दाते आहेत. चाक फिरू लागले की एकेक दाता एका अवजड लाकडी हातोड्याला खालून उचलतो आणि सोडून देतो. हातोडा म्हटले तरी आपल्या डोळ्यांपुढचा हातोडा आणू नये. झाडाच्या ओंडक्याला दांडा लावावा तसा तो असतो आणि त्याच्या तोंडाला पायऱ्यांसारख्या खाचा असतात. त्या खाचांमुळे खालच्या लाकडी कुंडात कोंबलेले ओले कापड प्रत्येक घावासरशी थोडे वळते, म्हणजे मार एकाच जागी बसत नाही. कोकणातल्या घरी दोघी जणी आळीपाळीने मुसळ घालून पोहे कांडतात, तशीच ही हातोड्यांची जोडी एकाआड एक पडते. फक्त जमीन हादरते आणि शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते.

शब्दवेध यांनी शब्दाचा भूगोल सांगितला. यंत्राचा इतिहास असा. कापड कुटण्याचे काम पाण्यावर चालवणे इंग्लंडात बाराव्या शतकात आले. टेंपलर या लढवय्या पंथाने ११८५ मध्ये आपल्या जमिनींची मोजदाद केली, तीत यॉर्कशायरमधील न्यूझम आणि कॉट्सवोल्ड टेकड्यांतील बार्टन येथे अशा गिरण्या नोंदवलेल्या आहेत. कातणे आणि विणणे हातानेच होत होते तेव्हा, आणि पुढची जवळजवळ सहाशे वर्षे हातानेच झाले. एकटे तुडवणे मात्र यंत्राकडे गेले. इतिहासकार एलिओनोरा केरस-विल्सन यांनी १९४१ मध्ये याला तेराव्या शतकातील औद्योगिक क्रांती म्हटले होते. कापडाचा धंदा शहरे सोडून ओढ्यांच्या काठी गेला तो या गिरण्यांमुळे, असा त्यांचा मुद्दा होता. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले आणि मलाही तो थोडा ताणलेला वाटतो, पण ओढ्यांकाठच्या गिरण्या या खऱ्याच.

गिरणी ही कमाईची बाब असल्याने जमीनदार ती रयतेवर लादू लागले. सेंट ऑल्बन्स येथे मठाच्या गिरणीतच कापड कुटून घेतले पाहिजे, घरी तुडवायचे नाही, असा मठाधिपतीचा दंडक होता. गावकऱ्यांनी तो मोडला आणि १२७४ मध्ये प्रकरण इतके चिघळले की, गावातून जाणाऱ्या एलिनॉर राणीपुढे तेथील बायकांनी गाऱ्हाणे मांडले. निकाल शेवटी मठाच्याच बाजूने लागला.

गावांच्या नावांतही हा धंदा उरलेला आहे. कॉर्नवॉलमध्ये कँबोर्नजवळ टकिंगमिल आहे, स्कॉटलंडात वॉकमिल नावाच्या अनेक वस्त्या आहेत, आणि वेल्समधील खाणकामगारांच्या लढ्यामुळे प्रसिद्ध झालेले टोनिपँडी हे गाव, त्यातील ‘पँडी’ म्हणजे वेल्श भाषेत कापड कुटण्याची गिरणीच. एक्सेटर शहरात विणकर, फुलर आणि कातरकाम करणारे यांच्या संघाचे १४७१ पासूनचे सभागृह आहे आणि त्याचे नाव टकर्स हॉल; म्हणजे संघाच्या कागदोपत्री नावात फुलर, पण इमारतीवर गावच्या बोलीतला टकर.

हातापायांनी कापड घट्ट करणे गिरण्या आल्यावर लगेच संपले असे मात्र नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर बायका एका लांब फळीभोवती बसून ओले ट्वीड तालावर आपटीत आणि त्या तालावर गात. ती गाणी आजही गायली जातात.

चौकस_गिरगावकर

एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती, मनःपूर्वक आभार. परंतु आता नवी शंका निर्माण झाली आहे. माझ्या लेखात मी कर्नल वॉकर यांचे पूर्वज कापड तुडवीत असत असे लिहिले, तर ते चालेल का? आपल्याकडे लोहार आडनावाच्या माणसाविषयी आपण असे विधान बऱ्यापैकी बेधडक करू शकतो.

दप्तरखाना

कृपया तसे लिहू नये. कारणे सांगतो.

इंग्लंडात आडनावे साधारण १२५० ते १४०० या काळात वंशपरंपरागत झाली, दक्षिणेत आधी आणि उत्तरेत पुष्कळ उशिरा. त्यापूर्वीचे ‘ल वॉकर’ हे आडनाव नसून निव्वळ वर्णन होते. गावात रिचर्ड नावाचे चार जण असले तर हा कुठला रिचर्ड, तर तो कापड तुडवणारा, इतकेच. बापाचा धंदा मुलाने सोडला की वर्णनही सुटे. पुढे ते सुटेनासे झाले. १३७७, १३७९ आणि १३८१ मध्ये डोईपट्टी बसवली गेली तेव्हा माणसांच्या याद्या झाल्या आणि १३७९ च्या यॉर्कशायरच्या याद्यांत बऱ्याच ठिकाणी नावापुढे धंदाही लिहिलेला आहे. त्या वाचताना नेमके संक्रमण दिसते: काही जणांचे आडनाव आणि धंदा एकच आहेत, तर काहींचे आडनाव एक आणि धंदा निराळा. एखाद्या कुटुंबाशी धंद्याचा संबंध होता असे म्हणता येते ते फार तर त्या एका पिढीपुरते, आणि ती पिढी सहाशे वर्षांमागची.

दुसरी अडचण लेखनिकांची. सरकारी दप्तर लॅटिनमध्ये असे. यॉर्कशायरमधला कारकून गावच्या वॉकरला ‘फुल्लो’ असे लिहून मोकळा होई. त्यामुळे कागदावर ‘फुल्लो’ दिसले म्हणून शेजारी त्याला फुलर म्हणत होते असे ठरत नाही.

तिसरी गोष्ट भाषांतराची. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत याच धंद्यावरून ‘मॅक अन उखकादेर’, म्हणजे तुडवणाऱ्याचा मुलगा, असे नाव होते, आणि इंग्रजी वाढली तशी त्यातल्या अनेक घराण्यांनी सरळ वॉकर हे नाव घेतले. कर्नल वॉकर स्कॉटिश होते, हे येथे लक्षात ठेवावे. आयर्लंडमधील काही टकर तर या धंद्याचे मुळीच नाहीत. ते ‘ओ तुआहर’ या आयरिश घराण्याचे असून इंग्रजीत जवळचा ध्वनी म्हणून टकर झाले. याखेरीज राखीव जंगलाच्या ज्या भागावर रखवालदार गस्त घाली त्याला ‘वॉक’ म्हणत आणि काही वॉकर त्यावरून झाले असावेत असेही सुचवले जाते. माझ्या मते अशी उदाहरणे थोडी असतील.

आपल्या लोहार-सुतारांशी तुलना येथेच लंगडी पडते. आपल्याकडे धंदा जातीने बांधलेला आणि गावगाड्यात बलुत्याने पक्का झालेला, त्यामुळे नाव आणि काम शतकानुशतके बरोबर चालले. इंग्लंडात नाव गोठले आणि माणूस पुढे निघून गेला. तुलनाच करायची तर फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस यांच्याशी करावी. दप्तर गेले, पगडी गेली, आणि आज चिटणीस आडनावाचे डॉक्टर दाढदुखी पाहतात; त्यांच्या दवाखान्यात कोणी पत्र लिहून घ्यायला जात नाही.

एक मात्र बेलाशक लिहावे. लोकरीच्या धंद्याने इंग्रजी भाषेला आडनावांचे अख्खे गोत्र दिले आहे. मागावरचे वेब, वेबर, वेबस्टर आणि वीव्हर. डेव्हनकडचा लोकर पिंजणारा टोझर. उत्तरेतला रंगारी लिस्टर आणि सर्वत्रचा डायर. तुडवून झाल्यावर कापडावरची लव मोठ्या कात्र्यांनी एकसारखी करणारा शर्मन. आणि शेवटी टेलर. मेंढीच्या पाठीपासून कोटापर्यंत एकही पायरी सुटलेली नाही. त्यांत तुडवणाऱ्याला एकट्यालाच तीन निरनिराळ्या मुळांची नावे मिळाली, हे लेखात यायला हवे.

पेनाइन्सच्या_पायथ्याशी

दप्तरखाना यांच्या गोत्रात तुडवणे आणि कातरणे यांच्यामधली एक पायरी राहिली, ती आडनावात नसून वाक्प्रचारात आहे. आटलेले ओले कापड वेडेवाकडे होते, म्हणून ते उघड्यावर लांबलचक लाकडी चौकटींवर ताणून वाळवीत आणि दोन्ही काठांना वाकड्या खिळ्यांत अडकवीत. त्या चौकटीला टेंटर म्हणत. मन टांगणीला लागले की इंग्रज माणूस आपण टेंटरच्या खिळ्यांवर असल्याचे सांगतो, ते हेच खिळे. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात टेंटर ग्राउंड नावाची गल्ली आजही आहे.

धोटा

आता मराठी शब्दाचे. मार्काच्या शुभवर्तमानात येशूची वस्त्रे इतकी शुभ्र झाली की पृथ्वीवरच्या कोणाला तशी करता येणार नाहीत, असे वर्णन आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तेथे फुलर आहे आणि मराठी बायबलमध्ये परीट. शुभ्रतेचा प्रसंग असल्याने तेथे परीट शोभतो. आपल्या लेखात शोभणार नाही. परीट वापरलेले कापड धुतो, हा कारागीर नवे कापड वापरण्याजोगे करतो. शब्दवेध यांच्या मळणीच्या दाखल्यावरून सुचणारा ‘मळणारा’ तर नकोच. कापड मळले म्हटले की मराठी माणूस ते धुवायला टाकील.

माझी सूचना कुंदीगर. धुऊन खळ दिलेले कापड लाकडी मोगरीने ठोकून त्याला चकाकी आणणे म्हणजे कुंदी, आणि ती करणारा कुंदीगर. तयार कापडाला शेवटचा मार देणारा कारागीर, एवढे साम्य पुरेसे आहे.

शब्दवेध

कुंदीने कापड सपाट आणि चकचकीत होते, दाट होत नाही. त्यामुळे शास्त्राच्या दृष्टीने माझी हरकत आहे. आपल्याकडच्या घोंगडीलाही ताण्यावर चिंचोक्यांची खळ देतात, पण या पद्धतीने कापड आटवून घट्ट करण्याचा वेगळा धंदा आणि त्याचे वेगळे नाव आपल्या गावगाड्यात दिसत नाही, म्हणून तंतोतंत शब्द मिळणे कठीणच. तरीही एका कारणासाठी कुंदीगर मला मोह घालतो. एखाद्याला बेदम मारले की त्याची कुंदी काढली असे जुन्या मराठीत म्हणतात, आणि टकरच्या मुळाशी असलेल्या ‘टूकियन’चा अर्थही हाल करणे हाच आहे. दोन भाषांनी कापडावरचा मार आणि माणसावरचा मार एकाच शब्दात बांधावा, हा योगायोग सोडवत नाही.

चौकस_गिरगावकर

मग असे करतो. पहिल्या उल्लेखात ‘लोकरीचे नवे कापड तुडवून दाट करणारा कारागीर’ असे लांबलचक लिहितो, टकरच्या परिच्छेदात कुंदीगर आणतो आणि कर्नल वॉकर यांच्या पूर्वजांविषयीचे वाक्य काढून टाकतो. खर्ड्याचे पहिलेच वाक्य ‘वॉकर म्हणजे चालणारा’ असे होते; ते आत्ताच खोडले.

मुलतानी मातीची पुडी मात्र लेखात ठेवीत आहे. संपादकांना ती विषयांतर वाटते. या चर्चेचा दुवा आज रात्री त्यांना पाठवतो.

धोटा

पुडी ठेवाच. आणि लेखात फुलरच्या जोडीला शिळ्या मूत्राचाही उल्लेख करणार असाल, तर फराळाच्या पाककृतींपासून चार पाने लांब छापायला सांगा.